घरातील अ‍ॅलर्जीची कारणे कमी करताना कामाचा क्रम कसा लावावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ वर्षांच्या मुलाला बाराही महिने सकाळी उठल्याबरोबर शिंकांची रांग लागते, रात्री नाक चोंदते, तोंड उघडे ठेवून झोपावे लागते आणि अधूनमधून दम्याचा सौम्य त्रास होतो. त्वचेवरील चाचणीत डस्ट माइटची, म्हणजे घरातल्या धुळीत राहणाऱ्या अतिसूक्ष्म जीवाची, प्रतिक्रिया ठळक आली आणि मांजराची पुसट. पालकांनी हवा शुद्ध करणारे यंत्र आणले, जाड पडदे काढले, फरशी रोज उग्र वासाच्या जंतुनाशकाने पुसायला सुरुवात केली, तरी सहा महिन्यांत फरक पडला नाही. आता घरातले मांजर कोणाला देऊन टाकावे का, आणि आणखी काय बदलावे, असे त्यांनी विचारले आहे.

तुमच्या तिन्ही उपायांमागचा हेतू योग्य होता. मात्र त्यांचा रोख हवेवर, खिडकीवर आणि फरशीवर आहे, आणि तुमच्या मुलाला ज्याची मुख्य अ‍ॅलर्जी आहे तो जीव या तिन्ही ठिकाणी फारसा राहत नाही. तो गादीत राहतो. गेली २२ वर्षे अ‍ॅलर्जीचे रुग्ण तपासताना मी हे पुन्हा पुन्हा पाहिले आहे की कुटुंब घरभर थोडेथोडे काम करते, दमते, पैसे खर्च करते, आणि मूल रोज नऊ-दहा तास ज्या उशीत नाक खुपसून पडलेले असते ती उशी मात्र जशीच्या तशी राहते. म्हणून काय बदलावे याची लांबलचक यादी न देता, कोणते काम आधी करावे, ते कुठपर्यंत न्यावे आणि कोणते सोडून द्यावे, हे सांगतो.

आधी चाचणीविषयी, कारण सगळे त्यावरून ठरते. तपासायच्या पदार्थाच्या अर्काचा थेंब त्वचेवर ठेवून सुईने हलकेच टोचले की १५ ते २० मिनिटांत तिथे गांध उठते, आणि नुसत्या सलाइनच्या थेंबाच्या तुलनेत ती किमान ३ मिलिमीटरने मोठी असली तर चाचणी सकारात्मक धरतात. याचा अर्थ इतकाच की त्या पदार्थाविरुद्ध शरीराने आयजीई नावाची प्रतिपिंडे बनवून ठेवली आहेत. त्रास त्याच पदार्थाने होतो की नाही हे चाचणीवरून कळत नाही, ते रुग्णाच्या दिनक्रमावरून कळते. बाराही महिने, रात्री आणि पहाटे, अंथरुणात असताना होणारा त्रास हे माइटचे नेहमीचे चित्र आहे. परागकणांचा त्रास ठरावीक ऋतूत उसळतो आणि बाहेर गेल्यावर वाढतो. मांजराचा असेल तर मांजर कुशीत घेतल्यावर काही मिनिटांतच डोळे चोळणे, नाक गळणे सुरू होते, आणि ते चाटते तिथे अंगावर गांधी उठतात. तेव्हा दोन आठवडे एक वही ठेवा आणि शिंका, चोंदणे, खोकला किंवा धाप कधी लागली, मूल त्या वेळी कुठे होते आणि काय करत होते, एवढेच तीन रकाने भरा. माझ्याकडे येणाऱ्या पालकांना हे काम क्षुल्लक वाटते, पण घरात कशावर पैसे घालायचे आणि कशावर नाही, हे त्या वहीतून जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कशातून होत नाही.

दुसरा भेद अ‍ॅलर्जेन आणि क्षोभक यांचा. माइटची विष्ठा, मांजराची लाळ, झुरळाचे अवशेष, बुरशीचे बीजाणू हे अ‍ॅलर्जेन. ज्याच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे आहेत त्यालाच ते बाधतात. तंबाखूचा धूर, सुवासिक धूप, डासांची कॉइल, रंगाचा वास, अत्तराचा फवारा आणि तुमचे ते उग्र जंतुनाशक हे क्षोभक आहेत. त्यांना प्रतिपिंडे लागत नाहीत. आधीच सुजलेल्या नाकाला आणि श्वासनलिकेला ते सरळ चिडवतात. त्यामुळे फरशीचे जंतुनाशक आजच बंद करा. साध्या पाण्याने किंवा बिनवासाच्या सौम्य साबणाच्या पाण्याने फरशी तितकीच स्वच्छ होते, आणि माइटच्या अ‍ॅलर्जीशी जंतूंचा काही संबंध नसल्याने ते मारून मुलाच्या शिंका थांबणार नाहीत. घरात कोणी धूम्रपान करत असेल तर खिडकीत उभे राहून केल्याने भागत नाही, कारण धूर कपड्यांत आणि केसांत बसून आत येतो. इतर सगळे उपाय नीट करून घरातला धूर तसाच ठेवला तर मी त्या उपायांकडून फारशी अपेक्षा ठेवत नाही.

आता माइट. हा कोळ्याच्या कुळातला, सुमारे ०.३ मिलिमीटर लांबीचा, नुसत्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा जीव आहे. तो चावत नाही, रोग पसरवत नाही, आपल्या त्वचेवरून रोज गळणाऱ्या सूक्ष्म पापुद्र्यांवर जगतो. घरातल्या धुळीने शिंका येतात हे फार पूर्वीपासून ठाऊक होते, परंतु धुळीत नेमके काय आहे हे कळत नव्हते. १९६४ मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथे व्हूरहोर्स्ट, स्पिक्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा माइटच त्यामागे आहे, असे दाखवले. ओलसर घरांतली धूळ कोरड्या घरांतल्या धुळीपेक्षा जास्त त्रासदायक असते, हेही त्याच संशोधनात लक्षात आले, आणि पुढे जे सांगणार आहे त्याचा पाया तिथेच आहे.

अ‍ॅलर्जी माइटपेक्षा त्याच्या विष्ठेची अधिक असते. एक माइट दिवसाला सुमारे २० गोळ्या टाकतो. त्या साधारण १० ते ४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराच्या असतात आणि त्यांत त्याचे पाचकरस भरलेले असतात. त्यांतल्या डर पी १ या प्रथिनाचे कामच प्रथिने फोडणे हे आहे, त्यामुळे नाकाच्या नाजूक अस्तरावर ते पडले की पेशींमधले सांधे सैल करून आत शिरते. या गोळ्यांच्या आकारातच तुमच्या शुद्धीकरण यंत्राचे अपयश दडलेले आहे. त्या तुलनेने जड असतात, चादर झटकली की उडतात आणि पंधरा मिनिटे ते अर्धा तास एवढ्या वेळात पुन्हा खाली बसतात. कोपऱ्यात ठेवलेले यंत्र हवेत असलेलेच कण ओढू शकते, आणि मूल उशीवर कूस बदलते तेव्हा त्या गोळ्या उशीतून निघून नाकात जायला वीतभर अंतरही कापावे लागत नाही. यंत्र वाईट नाही. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, आणि मांजराच्या अ‍ॅलर्जेनसाठी, धुरासाठी व काही प्रमाणात परागकणांसाठी त्याचा उपयोग होतो. फक्त ज्या कामासाठी तुम्ही ते आणले त्या कामाचे ते नाही. घेतलेच आहे तर मुलाच्या झोपण्याच्या खोलीत, दार लावून, खोलीच्या आकाराला पुरेल अशा वेगावर चालू ठेवा. ओझोन सोडणारे किंवा हवा आयनित करणारे यंत्र असेल तर तो भाग बंद करा, कारण ओझोन स्वतःच श्वासनलिकेला जाळतो.

काम अंथरुणापासून सुरू करायचे. गादी, प्रत्येक उशी आणि पांघरूण धुता येत नसेल तर तेही, माइटरोधक कापडाच्या खोळीत सहाही बाजूंनी बंद करायचे. खोळ विणलेल्या कापडाची असावी, तिची छिद्रे १० मायक्रॉनहून लहान असावीत आणि तिला चेन असावी. फक्त वरून पसरायची चादर किंवा चार कोपऱ्यांत इलॅस्टिक असलेले आवरण या कामाला निरुपयोगी असते, कारण खालची बाजू उघडीच राहते. पूर्ण प्लॅस्टिकची खोळही माइट अडवते, पण मुलाला घाम येतो आणि आठ दिवसांत ती कपाटात जाते. एका घरी मी स्वतः जाऊन पाहिले होते. खोळ उत्तम प्रतीची होती, पण गादी जाड असल्यामुळे शेवटची चारेक बोटे चेन ओढली गेली नव्हती. मी गादीवर तळहाताने थापटले आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत त्याच फटीतून बारीक धुळीचा लोट उठताना आम्हा सगळ्यांना दिसला. त्या दिवसापासून मी खोळ कोणती घेतली हे विचारण्याआधी चेन शेवटपर्यंत लागते का आणि तिच्यावर चिकटपट्टी लावली आहे का, हे विचारतो. दुसरी नेहमीची पळवाट अशी की मुलाच्या पलंगाला खोळ असते आणि मूल मध्यरात्री उठून आईवडिलांच्या अंथरुणात येते. मूल जिथे जिथे झोपते त्या प्रत्येक अंथरुणाला खोळ हवी, आणि एकाच खोलीत दोन पलंग असतील तर दोन्हींना.

खोळीबद्दल सांगताना प्रामाणिक राहणे भाग आहे, कारण या विषयावर वैद्यकात बराच वाद झाला आहे. २००३ साली ११२२ प्रौढ दमेकऱ्यांवरील एका मोठ्या चाचणीत नुसत्या खोळींनी दम्यात काही फरक पडला नाही. त्याच वर्षी नाकाच्या अ‍ॅलर्जीवरील दुसऱ्या चाचणीत अ‍ॅलर्जेन घटले, पण लक्षणे घटली नाहीत. यावरून अनेकांनी हा उपाय निकालात काढला. परंतु २००४ साली अमेरिकेतील सात शहरांत ९३७ मुलांवर झालेल्या अभ्यासात पद्धत वेगळी होती. प्रत्येक मुलाला कशाची अ‍ॅलर्जी आहे ते आधी तपासले आणि त्या त्या घरात खोळी, हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम क्लीनर, झुरळांचा बंदोबस्त, धुरापासून बचाव असे त्याच्यापुरते आवश्यक ते सगळे एकत्र केले. पहिल्या वर्षी त्या मुलांना दर पंधरवड्यात सरासरी ३.४ दिवस दम्याचा त्रास झाला, तर इतर मुलांना ४.२ दिवस. पुढे २०१७ मध्ये माइटची अ‍ॅलर्जी असलेल्या दमेकरी मुलांवरील इंग्लंडमधील चाचणीत खऱ्या खोळी वापरणाऱ्यांपैकी सुमारे २९ टक्के मुलांना वर्षभरात दम्याच्या झटक्यासाठी रुग्णालय गाठावे लागले, तर दिखाऊ, म्हणजे माइट न अडवणाऱ्या, खोळी मिळालेल्यांपैकी सुमारे ४२ टक्क्यांना. मी यातून काढलेला अर्थ असा की हा उपाय मुलांमध्ये, खरोखर माइटची अ‍ॅलर्जी असलेल्यांमध्ये आणि अर्धवट न केल्यासच लागू पडतो. तुमचे मूल पहिल्या दोन अटींत बसते, तिसरी अट तुमच्या हातात आहे.

खोळीच्या वरची चादर, अभ्रे आणि पांघरूण दर आठवड्याला धुवावे. पाणी ५५ ते ६० अंश सेल्सिअस असले की माइट मरतात. थंड पाण्याने विष्ठेतले प्रथिन बरेचसे विरघळून जाते, पण माइट जिवंत राहतात आणि पुन्हा कामाला लागतात. कापडाला गरम पाणी चालत नसेल तर थंड पाण्याने धुऊन गरम हवेच्या ड्रायरमध्ये पुरेसा वेळ वाळवावे किंवा कडक इस्त्री करावी. उन्हाबद्दल मला नेहमी विचारतात. गादी कडक उन्हात दिवसभर टाकल्याने ती कोरडी होते, त्यामुळे माइट कमी होतात, आणि म्हणून ही सवय चांगलीच आहे; मात्र मेलेला माइट आणि त्याची विष्ठा आत तशीच राहते, तिची अ‍ॅलर्जी कायम असते, म्हणून ऊन दाखवल्यावरही खोळ लागतेच. सकाळी उठल्याउठल्या अंथरूण घट्ट आवरून ठेवण्याची शिस्तही इथे उलटी पडते. रात्रभराच्या घामाची आणि श्वासाची ओल कापडात असते, ती तासभर उघड्यावर सुकू द्यावी आणि मग आवरावे.

पिसांची उशी काढून कृत्रिम तंतूंची उशी आणावी, हा सल्ला पूर्वी आम्ही डॉक्टर सर्रास देत असू. नंतर मोजमाप केले तेव्हा कृत्रिम उशांतच माइटचे अ‍ॅलर्जेन जास्त आढळले, बहुधा पिसे बाहेर येऊ नयेत म्हणून पिसांच्या उशांचे कापड मुळातच घट्ट विणलेले असते म्हणून. तेव्हा उशी कशाची हा प्रश्न दुय्यम आहे. तिला खोळ आहे का आणि ती किती जुनी आहे, हे पाहा.

मऊ खेळण्यांचा प्रश्न पालकांना वाटतो त्याहून मोठा असतो. मूल ज्या सशाला किंवा अस्वलाला गालाशी धरून झोपते ते खेळणे म्हणजे नाकाला टेकवलेली छोटी गादीच असते. सगळी खेळणी हिसकावून घेऊ नका, मुले ते विसरत नाहीत. एक किंवा दोन अंथरुणात राहू द्या, बाकीची झाकणाच्या पेटीत ठेवा. राहिलेले खेळणे दर पंधरा दिवसांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून उणे १८ ते २० अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन दिवस ठेवा आणि मग धुवा. फ्रीझरमुळे माइट मरतात, धुण्याने विष्ठा जाते. यातले एकच केले तर अर्धेच काम होते. माझ्या एका छोट्या रुग्णाने या प्रकाराला "ससा बर्फाच्या गावी गेला आहे" असे नाव दिले होते आणि वार तोच लक्षात ठेवायचा.

यानंतरचे काम ओलीचे आहे, आणि माझ्या मते अंथरुणाखालोखाल तेच सर्वांत महत्त्वाचे, कारण माइट आणि बुरशी ही दोन्ही कारणे त्यातच आवळली जातात. माइट पाणी पीत नाही; पुढच्या पायांजवळच्या ग्रंथींमधून तो हवेतली वाफ शोषतो. सापेक्ष आर्द्रता सतत ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर तो वाळून मरू लागतो आणि त्याची वाढ थांबते. सतत या शब्दावर जोर आहे, कारण दिवसातले काही तासही हवा पुरेशी दमट राहिली तर त्याचे भागते. एक साधा आर्द्रतामापक घ्या आणि तो खोलीच्या मधोमध शोभेला ठेवू नका. पलंगाशेजारी, नंतर कपाटामागे, नंतर बाहेरच्या भिंतीला लागून असा दोन-दोन दिवस फिरवा. एकाच खोलीत मध्यभागी ५८ आणि कपाटामागे ७२ असा आकडा मी पाहिलेला आहे. भिंत थंड असते, तिच्याजवळची हवा गार होते, गार हवेत वाफ कमी मावते, म्हणून तिथे ओल धरते. पलंग आणि कपाटे बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढणे हा फुकटचा उपाय आहे.

ओल येते कुठून, ते शोधा. अंघोळीनंतरची वाफ, झाकण न ठेवता शिजवणे, खोलीत वाळत घातलेले कपडे, गळका नळ, छताची गळती, दारे-खिडक्या बंद करून एका खोलीत झोपणारी चार माणसे ही नेहमीची उगमस्थाने आहेत. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात हवा बाहेर फेकणारा पंखा वापरानंतरही पंधरा-वीस मिनिटे चालू राहू द्यावा. खिडकी उघडण्याचा फायदा बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तरच होतो. पावसाळी दिवसांत उघडी खिडकी ओल आत आणते, आणि तेव्हा वातानुकूलन किंवा आर्द्रता कमी करणारे यंत्र कामाला येते. पाण्यावरून हवा ओढून गारवा देणारे कूलर आणि हवेत मुद्दाम वाफ सोडणारी यंत्रे माइटच्या रुग्णाच्या खोलीत नकोत. मुलाचे नाक कोरडे पडते म्हणून रात्रभर वाफेचे यंत्र लावणारे पालक मला दर हिवाळ्यात भेटतात, आणि नाक चोंदण्याचे कारण ते आपल्याच हाताने वाढवत असतात.

बुरशी दिसली तर ती पुसण्याआधी पाणी कुठून येते ते बंद करा, नाहीतर ती तीन आठवड्यांत परत त्याच जागी येते. टाइल, काच, धातू अशा कठीण पृष्ठभागावरील बुरशी साबणाच्या पाण्याने घासून, पुसून, कोरडी करावी. भिजून बुरशी आलेली गादी, गालिचा किंवा फोमची बैठक धुऊन वाचत नाही, ती टाकूनच द्यावी. काहीही भिजले तर २४ ते ४८ तासांत कोरडे झाले पाहिजे, कारण त्यानंतर बुरशी धरायला लागते. ब्लीच वापरायचेच असेल तर मुलाला घराबाहेर ठेवून, खिडक्या उघडून वापरावे आणि ते आम्ल किंवा अमोनिया असलेल्या दुसऱ्या कोणत्याही द्रावणात कधीही मिसळू नये; त्यातून निघणारा वायू निरोगी माणसाच्या फुप्फुसालाही घातक असतो. बुरशीवरून रंग मारणे म्हणजे ती काही दिवस न दिसणे, इतकेच.

साफसफाईच्या पद्धतीतही सुधारणा हवी. कोरडा झाडू आणि पिसांचा झटकणा हे अ‍ॅलर्जेन हवेत उडवण्याचे काम उत्तम करतात. ओल्या कापडाने पुसा. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर तो हेपा फिल्टरचा असावा, साध्या यंत्रातून सूक्ष्म कण मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येतात. साफसफाई चालू असताना आणि नंतर निदान अर्धा तास मूल त्या खोलीत नसावे, आणि ज्या मोठ्या माणसाला स्वतःला अ‍ॅलर्जी आहे त्याने एन ९५ मुखपट्टी लावावी. भिंतीपासून भिंतीपर्यंतचा गालिचा असेल तर तो निदान मुलाच्या खोलीतून काढा, कारण त्याच्या मुळाशी साठलेले अ‍ॅलर्जेन कोणत्याही यंत्राने पूर्ण निघत नाही. जाड पडदे तुम्ही काढलेच आहेत, ते काम वाया गेलेले नाही; धुता येणारे पातळ पडदे किंवा पुसता येणारे पट्ट्यांचे आवरण पुरे. पुस्तके दारे असलेल्या कपाटात जावीत. कुंड्यांमुळे अ‍ॅलर्जी वाढल्याची उदाहरणे माझ्याकडे फार थोडी आहेत, त्यांच्या मागे लागू नका.

माइट मारणारे फवारे आणि अ‍ॅलर्जेन निष्प्रभ करणारी टॅनिक अ‍ॅसिडची द्रावणे बाजारात मिळतात. त्यांचा परिणाम तात्पुरता असतो, टॅनिक अ‍ॅसिडचे फिकट कापडावर डाग पडतात आणि मुलाच्या अंथरुणावर रसायन मारायला मला स्वतःला आवडत नाही. मी ते सुचवत नाही.

झुरळांचा उल्लेख तुमच्या चाचणीत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. झुरळाची लाळ, विष्ठा आणि गळालेली कात हे तीव्र अ‍ॅलर्जेन आहे, आणि घरात झुरळे असतील तर फवाऱ्यापेक्षा जेलचे आमिष लावणे चांगले, कारण फवारा दमेकऱ्याच्या श्वासनलिकेला चिडवतो आणि झुरळे फटींत पांगतात. खरकटे रात्री उघडे न ठेवणे आणि सिंकखालची गळती दुरुस्त करणे ही जेलइतकीच महत्त्वाची कामे आहेत. परागकणांसाठी त्यांच्या ऋतूत खिडक्या बंद ठेवणे, बाहेरून आल्यावर कपडे बदलून केस धुणे आणि अंथरुणाचे कपडे बाहेर वाळत न घालणे एवढे पुरे. तुमच्या वहीत ऋतूचा संबंध दिसला नाही तर तेही करू नका.

हे सगळे करत असताना औषधे थांबवू नका. घर सुधारले म्हणून नाकाचा स्टिरॉइड फवारा किंवा दम्याचा नियमित इनहेलर आपल्या मनाने बंद करणे ही मी पाहिलेल्या झटक्यांची फार सामान्य सुरुवात आहे. गादीत वर्षानुवर्षे साठलेले अ‍ॅलर्जेन खोळीत बंद झाल्यानंतरही नाकाची सूज उतरायला वेळ लागतो, त्यामुळे फरक पाहायचा तो दोन-तीन महिन्यांनी, तिसऱ्या दिवशी नव्हे. तेवढ्या काळात वही चालू ठेवली तर औषधाची मात्रा कमी करायची की नाही, हे डॉक्टर तिच्याच आधारे ठरवू शकतात. दीड-दोन वर्षे घर आणि औषधे दोन्ही नीट सांभाळूनही त्रास राहिला तर माइटच्या अर्काची इंजेक्शने किंवा जिभेखाली ठेवायच्या गोळ्या यांचा विचार करता येतो; तो उपचार साधारण तीन वर्षे चालतो आणि दमा आटोक्यात असतानाच सुरू करायचा असतो.

मांजराचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. मांजराचे मुख्य अ‍ॅलर्जेन, फेल डी १, त्याच्या लाळेत आणि त्वचेच्या तैलग्रंथींत तयार होते. मांजर अंग चाटते, लाळ केसांवर वाळते आणि तिचे अतिसूक्ष्म कण होऊन तासन्‌तास हवेत तरंगतात. केस कमी गळणाऱ्या जातींतही ते असतेच, म्हणून अ‍ॅलर्जी न होणारे मांजर अशी जाहिरात दिसली तर विश्वास ठेवू नका. अंघोळ घातल्याने ते कमी होते, पण काही दिवसांत पूर्ववत होते. आणि मांजर पंधरा दिवस दुसरीकडे ठेवून फरक पाहू, हा सर्वांना सुचणारा प्रयोग काहीच सिद्ध करत नाही, कारण मांजर गेल्यावरही घरातले अ‍ॅलर्जेन मांजर नसलेल्या घराच्या पातळीवर यायला चार ते सहा महिने लागतात. पंधरा दिवसांत फरक दिसला नाही म्हणून मांजर निर्दोष ठरत नाही. तुमच्या मुलाची मांजराची प्रतिक्रिया पुसट आहे आणि त्रासाची वेळ अंथरुणाची आहे. त्यामुळे सध्या मांजर देऊ नका. फक्त मुलाची खोली त्याला पूर्ण बंद करा, दिवसासुद्धा, आणि हवा शुद्ध करणारे यंत्र त्याच खोलीत लावा. मांजराशी खेळून झाल्यावर मुलाने हात-तोंड धुवावे आणि झोपताना कपडे बदलावेत. अंथरूण आणि ओल यांचे काम पूर्ण होऊन तीन महिने उलटल्यावर वही उघडा. रात्रीचे आणि सकाळचे रकाने रिकामे होत गेले असतील तर मांजर घरात राहू शकते. ते रकाने रिकामे झाले आणि मांजराशी खेळल्यानंतरच्या नोंदी मात्र ठळकपणे उरल्या, किंवा त्या वेळी छातीत घरघर ऐकू आली, तर रक्तात मांजराच्या अ‍ॅलर्जेनविरुद्धचे आयजीई मोजून घ्या आणि तो अहवाल व वही घेऊन डॉक्टरांकडे जा. मांजराबद्दलचा निर्णय तेव्हा घ्यायचा, आणि तो मुलाला बरोबर बसवून घ्यायचा.